देवाची सीट आणि युरियाचं पोतं

गुंडा महाराज गवत कापायच्या गाडीवर बसले, किल्ली फिरवली आणि दसऱ्यापासून मुकी पडलेली गाडी धडधडायला लागली. उंब्रजच्या मैदानावर जमलेल्या गावाने हात जोडले. कुणी नारळ फोडला, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. महाराज खाली उतरले, तशी गाडी बंद.

"बगितलं? आमी बसलो की शक्ती येती, उठलो की जाती," महाराज म्हणाले. "इंजिन परदेशी असलं तरी आत्मा हितलाच लागतोय."

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे असलं काही ऐकलं की माझं डोकं तापतं. त्या दिवशी तर जास्तच तापलं, कारण महाराजांनी कौल दिला होता की गाडीला बाईमाणसाचा हात लागला म्हणून ती रुसली. त्या बाईला मैदानावरून काढा. ती बाई म्हणजे शालूबाई. पुण्याला गेलेल्या गावच्या पोरांनी ही बसून चालवायची गाडी भेट दिली, तेव्हापासून मैदानाचं गवत तीच कापते. त्यावरच तिचं घर चालतं. आणि क्रीडा मंडळाचे अध्यक्ष धोंडिरामअण्णा महाराजांपुढे मान डोलावत होते.

शालूबाई कडेला रडवेली उभी होती. मी विचारलं, "बंद कधी पडली गं?"

"खंडेनवमीला अण्णांनी पूजा केली, बाई. सीटवर जोतिबाची तसबीर ठिवली. दुसऱ्या दिशी किल्ली फिरवली, तर हूं न्हाई का चूं न्हाई."

"सीटवर बसून फिरवलीस?"

"आवं, देव बसलेला. त्येच्या मांडीवर बसू व्हय? बाजूला हुबं ऱ्हाऊन फिरवली. चालू झाली की देवाला उचलणार हुतो."

"आणि मिस्त्री?"

"त्यो बी हुबाच. पेट्रोल बगितलं, बॅटरी बदलली, हात जोडून गेला."

म्हणजे गाडी चालू झाल्याशिवाय देव उठणार नव्हता आणि देव उठल्याशिवाय गाडी चालू होणार नव्हती. मधल्या मधे नोकरी जाणार होती शालूबाईची. महाराजांनी मात्र तसबीर कपाळाला लावून बाजूला ठेवली होती आणि ऐसपैस बसले होते. ते सगळ्यांनी पाहिलं. मी त्यांचा पायही पाहिला होता.

मी शेडमधलं युरियाचं पोतं आणायला सांगितलं.

"क्रांतीबाई, चेष्टा नको," अण्णा कुरकुरले.

"चेष्टा आत्तापर्यंत झाली, अण्णा. आता तपासू."

दोघांनी पोतं उचलून सीटवर ठेवलं. मी बाजूला उभी राहून चपलेनं ब्रेक दाबला, किल्ली फिरवली. गाडी धडधडली. गर्दीत कुणाला हसावं की हात जोडावेत ते कळेना.

"पोत्यात आमीच शक्ती सोडली," महाराज घाईघाईनं म्हणाले.

"मग काढून घ्या. मी थांबते."

महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले, भस्म उधळलं. गाडी आपली चालूच. मग मी पोतं खाली ढकललं आणि ती गप्प झाली. सीट उचलून खालचं बटण सगळ्यांना दाखवलं. सीटवर वजन आलं की ते दाबलं जातं. नाही तर इंजिन चालू होत नाही आणि चालू असलं तर बंद पडतं. चालवणारा पडला तर पाती फिरत राहून त्याचा पाय कापू नये, म्हणून ही सोय. तसबिरीला तेवढं वजन नव्हतं.

"आणि महाराज," मी म्हणाले, "ब्रेक दाबल्याशिवायही ही चालू होत नाही. तुम्ही तर डोळे मिटून अचूक दाबलात. कुठं शिकलात?"

महाराजांनी इकडे तिकडे पाहिलं. "म्हाबळेश्वरात एका हाटेलात माळी हुतो," ते पुटपुटले. मैदानभर हशा उसळला आणि त्या हशातच महाराज फाटकाकडे सरकले.

अण्णा खाली बघत म्हणाले, "शालूबाई, चुकलं आमचं. बस गाडीवर."

ती लगेच बसली नाही. तिने आधी तसबीर पदरानं पुसली आणि अण्णांच्या हातात दिली. "देवाला घरात जागा द्या, अण्णा. ही मला कामाला लागती." मग बसली, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली आणि गवतात गाडी घातली.

तुम्हालाही हात जोडून एवढंच सांगते: यंत्र अडलं तर आधी ते उघडून बघा, जाणत्याला विचारा, पुन्हा करून बघा. एका बटणापायी बाईची भाकरी काढून घेऊ नका.