साध्या पाण्यात लाल झालेला कागद

मी निळा लिटमस कागद बोलतोय, आणि चिडून बोलतोय. ऐकायचं तर ऐका.

माझं काम ते केवढंसं! समोरचा पदार्थ आम्ल असेल तर लाल व्हायचं, नसेल तर निळंच राहायचं. त्यासाठी मला घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावं लागतं. पण कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मामांना सांगणार कोण? त्यांनी आमची अख्खी पुस्तिका सैल बुचाच्या ॲसिडच्या बाटलीशेजारी कोंबली. वर्षभर तिची वाफ खाऊन आमची वाट लागली. दिसायला जरासे जांभळट, पण ओलं व्हायचा अवकाश, की लाल! आमच्याच भरवशावर मामांनी परीक्षेतल्या पुडींची उत्तरं तयार केली आणि रसायनशास्त्राच्या बाईंनी न बघता सही ठोकली.

एक मुलगी परीक्षेला दुसऱ्यांदा बसली होती. यंदा नापास झाली असती, तर वडील तिचं नाव कॉलेजातून काढणार होते. तिला ओळखायला अकरा नंबरची पांढरी पूड मिळाली. पूड विरघळवून तिनं माझ्या थोरल्या भावाला त्यात बुडवलं, तो लाल. मग तिनं पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकली. आम्ल असतं तर फसफसलं असतं. एक बुडबुडा येईल तर शपथ!

पोरगी हुशार. तिनं मला पुस्तिकेतून फाडून नुसत्या स्वच्छ पाण्यात बुडवलं. मी लालभडक झालो. म्हटलं, चला, आता मामांचं पितळ उघडं पडणार!

"सर, कागदच खराब आहे. पूड आम्ल नाहीये," तिनं बाहेरून आलेल्या परीक्षकांना सांगितलं.

"उत्तरात आम्ल आहे. कॉलेज खोटं आणि तू खरी का? आम्ल लिही, नाहीतर नापास."

"बाई, तुम्ही तरी बघा ना!"

बाईंनी मला पाहिलं. त्यांना सगळं कळलं, अगदी सगळं.

"सर सांगतात तसं लिही बाळा."

बाळा म्हणे! अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

मग तिनं लिहिलं, 'आम्ल'.

"शाब्बास!" परीक्षकांनी पूर्ण मार्क दिले.

जाताना ती मामांना म्हणाली, "ही पुस्तिका जपून ठेवा हं. नवी आणलीत तर सगळ्यांची उत्तरं चुकतील."

मी बेसिनच्या कडेला चिकटून सुकतोय. मामांनी पुस्तिका उचलून पुन्हा त्याच बाटलीशेजारी ठेवली. माझी धाकटी भावंडं आहेत तिच्यात. पुढच्या वर्षी इथं परीक्षेला याल, तर हात जोडतो, आधी त्यांना साध्या पाण्यात बुडवा.