वरून एक प्लाय

आम्ही भटकंतीसाठी घेतलेली ही व्हॅन आधी मासळी वाहायची. नवरा सुतार, म्हणून आतला संसार त्यानंच मांडायला घेतला. आधी तळाचा पत्रा घासून धू, असं मी चारदा सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि वरून प्लाय ठोकला. दोघांपुरता पलंग, छोटासा ओटा, पडदे; काम देखणं झालं, खोटं कशाला बोलू.

आज उन्हात तापलेली व्हॅन उघडली आणि मी नाक दाबलं. गादीउशांनाही कुजक्या मासळीची घाण येत होती.

"तुझ्या नाकाला काहीही वास येतात," तो म्हणाला.

घरातल्या ओल्या भिंतीवरही यानं प्लायच ठोकलाय. आतली बुरशी आता कपाटात आलीय.

त्यानं टेप काढून तळ मोजला. "अजून एक थर मारू."

"मार," मी म्हटलं. "आणि पलंग एकट्यापुरता कर."