रिकामी परत न जाणारी पेटी

मी एक जुनी पेटी आहे, आणि बिअरची आहे. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या मित्रांनो, म्हणजे पुढचं निवांत ऐकता येईल. ज्यांना अजून मिसरूडही फुटलेलं नाही, त्यांचा बाटल्यांशी काही संबंध नाही. गोष्ट माझी आहे आणि मी लाकडाची आहे.

आयर्लंडमधल्या एनिस गावाबाहेर पाडलेल्या एका गोठ्याच्या फळ्यांतून सुताराने मला ठोकलं. ठोकून घेणारा उपेंद्र मूळचा नागपूरचा. शॅननमधली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून त्याने एका शेडमध्ये छोटीशी ब्रुअरी टाकली होती. दुकानात मोठ्या कंपन्यांच्या गर्दीत त्याच्या बाटलीकडे कोण बघणार? म्हणून त्याने घरपोच योजना काढली. नाव नोंदवायचं, दर महिन्याला भरलेली पेटी दारात यायची आणि आधीची पेटी रिकाम्या बाटल्यांसकट परत जायची. आलेलं गिऱ्हाईक टिकावं यासाठी त्याची सगळी धडपड होती, आणि ती धडपड वाहायला आम्ही पेट्या होतो.

माझी फेरी निवेदिताकडे असायची. ती तिथल्या इस्पितळात डॉक्टर. एकदा अमरावतीहून तिची आई राहायला आली आणि पेटी परत द्यायच्या दिवशी मी दारात ठेवलेली तिने पाहिली.

"रिकामी पेटी काहून देऊन राहिली तू?" आईने विचारलं.

"अगं आई, ती कंपनीची आहे. ते घेऊन जातात."

"कंपनीची असो नाहीतर शेजारणीची. दुसऱ्याचं भांडं कोणी रिकामं वापस देते का? लोकं काय म्हणतीन?"

निवेदिताने समजावलं, पण आई ऐकतेय कुठली. बाटल्या एका कडेला सारून तिने उरलेल्या जागेत चकल्यांचा डबा बसवला. गिऱ्हाइकाने दुकानदाराला फराळ पाठवायचा, ही चूक आपल्याच माणसांना जमते. उपेंद्रने व्हॅनमध्ये डबा उघडला आणि बराच वेळ तो गाडी सुरू करेना. एकटा राहणारा माणूस तो, त्याला घरची चकली किती दिवसांनी मिळत होती कोण जाणे.

त्यातल्या थोड्या चकल्या त्याने पुढच्या घरी, ब्रीडा नावाच्या निवृत्त शिक्षिकेला दिल्या आणि आमच्याकडची रीत सांगितली. "दॅट्स ग्रँड," म्हणजे तिथल्या बोलीत 'छान', एवढंच ती म्हणाली. पुढच्या महिन्यात तिच्या पेटीतून रुबार्ब नावाच्या आंबट देठांचा जॅम आला. तो उपेंद्रने निवेदिताला दिला. मग कुणी अंडी ठेवली, कुणी पाव. उपेंद्र ते या घरातून त्या घरात पोचवू लागला. आम्ही जाताना भरलेल्या आणि येतानाही भरलेल्या. नाव काढून घेणारे फार कमी झाले. मला त्याचा गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

मग उपेंद्रने हरीशला भागीदार घेतलं. हरीश मुंबईचा, डब्लिनमध्ये कुठल्याशा ॲपच्या कंपनीत होता. हुशार माणूस, पण त्याने आमच्याकडे पाहिलं ते अडगळीकडे पाहतात तसं.

"उपेंद्र, जुलै येतोय. ज्युनिअर डॉक्टरांच्या बदल्या होणार. आपले अर्धे कस्टमर तेच, एका महिन्यात उडतील," तो म्हणाला. "वर्षभराचं बंधन घाल. बंद करणं इतकं कटकटीचं कर की लोक कंटाळून चालू ठेवतील. आणि या पेट्या बंद. पुठ्ठ्याचे बॉक्स कुरिअरने पाठवू."

उपेंद्र घाबरलेला होता. ब्रुअरी बुडाली तर पुन्हा नोकरी शोधायची, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. त्याने मान डोलावली. माझ्या बहिणी शेडमागे रचल्या गेल्या, हिवाळ्यात शेगडीत घालायला. मी तेवढी निवेदिताकडे राहिले होते म्हणून वाचले. मित्रांनो, मला तेव्हा रडू आलं नाही, संताप आला. ज्याला बाहेर पडायचं दार सापडत नाही त्याला तुम्ही निष्ठावंत म्हणता? मग मांजराने पकडलेला उंदीरही निष्ठावंतच.

जुलैमध्ये निवेदिताची बदली वॉटरफोर्डला झाली. तिने योजना बंद करायला फोन केला, तर नुसतं संगीत वाजत राहिलं. तिच्या जुन्या घराच्या दारात पुठ्ठ्याचे बॉक्स येऊन पावसात भिजत पडले. शेवटी सुट्टीच्या दिवशी ती तडक गाडी काढून एनिसला निघाली. पुन्हा राहायला आलेली आई पुढे बसली होती, मी मागच्या सीटवर होते आणि माझ्यात आईने शंकरपाळे भरले होते.

"आई, मी भांडायला चाललेय तिथे," निवेदिता म्हणाली.

"भांड ना. भांडण वेगळं अन् पेटी वेगळी."

शेडमध्ये शिरल्या शिरल्या निवेदिताने मला टेबलावर आदळलं. "मला हे बंद करायचंय. आत्ता, माझ्यासमोर."

"मॅडम, सिस्टिममध्ये वर्ष पूर्ण झाल्याशिवाय होत नाही," हरीश म्हणाला.

उपेंद्र माझ्याकडे बघत होता. त्याने झाकण उघडलं, शंकरपाळे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "हरीश, त्यांचं बंद कर," तो म्हणाला. "आणि हे बंधन सगळ्यांचंच काढ."

"एकदा दार उघडलंस ना, सगळे जातील."

"जाऊ देत. असं धरून ठेवलेलं गिऱ्हाईक मला नको. उद्या कुणी दारात आलं तर मला तोंड लपवायला लागेल."

हरीशने चडफडत बटणं दाबली. निवेदिता सुटली. त्या महिन्यात बरेच जण सुटले, हेही सांगते; मी खोटं बोलून गोष्ट गोड करणार नाही. ब्रुअरी अजून चालू आहे, ओढाताणीत का होईना, आणि माझ्या बहिणी शेगडीत गेल्या नाहीत.

पण त्या दिवशी निवेदिता निघाली तरी आई टेबलापासून हलली नाही.

"भाऊ, आमची पेटी?" तिने विचारलं.

उपेंद्र एकदम गडबडला. शंकरपाळे त्याने परातीत काढून घेतले होते आणि मी टेबलावर मोकळी पडले होते. नागपूरच्या घरात वाढलेला माणूस तो, मला तशीच कशी देणार? त्याने बाटल्या आणल्या आणि मला काठोकाठ भरलं.

"अहो, पण मी बंद केलंय," निवेदिता म्हणाली.

"ते बंदच आहे मॅडम. हे मावशींच्या पेटीतलं."

तर मित्रांनो, माझी काळजी घ्या अशी विनवणी मी करणार नाही. लाकूड आहे, टिकेन. माणसांना मात्र कुलूप लावून ठेवू नका. मी आता वॉटरफोर्डला आहे. कुठल्याही करारात माझं नाव नाही, मला न्यायला कुणी येणार नाही, आणि माझ्या बाटल्या संपत आल्या आहेत. काल आईने लाडवांसाठी बेसन भाजायला घेतलं, आणि निवेदिता कुणी न सांगता एनिसला जायचा दिवस ठरवत होती.