यादीतला तिसरा प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. मागून फुगीर, जाड काचेचा, आता दुकानात न मिळणारा. संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात, बुद्धविहाराच्या वाचनालयात, लोखंडी कपाटावर माझा मुक्काम असतो. निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेने मला इथे दिलं. तेव्हा माझं केवढं कौतुक होतं! दीक्षाभूमीचा सोहळा माझ्यात पाहताना म्हातारी माणसं हात जोडत. वाचनालय सांभाळणारे जानराव रोज सकाळी धोतराच्या सोग्याने माझी काच पुसत.

हे गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, आणि तेच पिऊन माणसांच्या किडन्या निकामी होतात. अंगणवाडीची धम्मशीला घरोघर फिरली आणि तिने आजाऱ्यांची यादी केली. त्रेचाळीस नावं निघाली. त्यात जानरावही होते. आठवड्यातून दोनदा ते डायलिसिससाठी अकोल्याला जात.

खासदार भगवंतराव विहारात आले, तेव्हा तिने यादी त्यांच्यापुढे ठेवली. ते माझ्यासमोरच बसले होते.

"ताई, संसद फक्त कायदे करत नाही. सरकारले जाबही विचारते," ते म्हणाले. "तारांकित प्रश्न लावला की मंत्र्याले उभं राहून उत्तर द्यावं लागते. वरून उपप्रश्न मी विचारतो. तुमचा हा आकडा तिथं सांगतो."

जानरावांचे डोळे भरून आले. "साहेब, तुमी तिथं बसले म्हंजे आमीच बसलो."

भगवंतरावांनी प्रश्न खरंच दिला. असे शेकडो प्रश्न येतात, चिठ्ठ्या काढून रोजचे वीसच निवडतात. आमचा निघाला, तोही यादीत तिसरा. धम्मशीलाने उपप्रश्न स्वतः लिहून त्यांना पाठवला: गोड्या पाण्याची नळयोजना मंजूर आहे, तर नळ कोरडे का?

प्रश्न पुकारायचा दिवस नेमका जानरावांच्या डायलिसिसचा होता.

"काका, आज तुमची पाळी हाये. जा ना," धम्मशीला म्हणाली.

"उद्या जाईन. आज नाही पाहू, तं कवा पाहू?"

अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. वाचनालयात बसायला जागा उरली नव्हती. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला. मग अध्यक्षांनी आमच्या प्रश्नाचा क्रमांक आणि भगवंतरावांचं नाव पुकारलं.

माझ्या काचेवर एक रिकामा बाक दिसला.

अध्यक्षांनी पुन्हा नाव पुकारलं. कागद हातात घेऊन मंत्री थांबले होते. मग चौथा प्रश्न पुकारला गेला आणि ते खाली बसले. मधलं काही दिसायचं राहिलं असं वाटून कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

"त्याले मारू नका," जानराव म्हणाले. "तो बराबर दाखवून राह्यला."

संध्याकाळी बातम्यांत भगवंतराव दिसले. नागपूरला कुणा बड्या माणसाच्या मुलीच्या लग्नात ते अक्षता टाकत होते. तेही मीच दाखवलं. दाखवायची लाज वाटली, पण मला डोळे मिटता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानरावांना धाप लागली. त्यांना रिक्षात घालून अकोल्याला नेलं. ते परतले, पण वाचनालयाची पायरी पुन्हा चढले नाहीत. चैत्रात ते गेले.

तारांकित प्रश्न पुकारूनही विचारला गेला नाही, तर त्याचं लेखी उत्तर मिळतं. आमचंही आलं: 'माहिती संकलित करण्यात येत आहे.'

निवडणूक आली तसे भगवंतराव पुन्हा विहारात आले. धम्मशीला उभी राहिली. "साहेब, तुमचं नाव पुकारलं, तवा तुमी कुठं होते?"

"प्रश्न तं लावला होता ना मी? उत्तरही आलं."

"उत्तर आमी वाचलं. उपप्रश्न कोन विचारन? जानरावकाका तुमाले पाहासाठी दवाखान्यात गेले नाहीत."

भगवंतरावांनी घड्याळ पाहिलं. "दिल्लीत लई कामं असतात, ताई," असं म्हणून ते पुढच्या गावाला निघाले. त्यांच्यामागे काही माणसं उठून गेली. बरीच जागीच बसून राहिली.

आता गावात माझ्यासमोर कुणी बसत नाही. संसद म्हटलं की लोक पाठ फिरवतात, आणि माझ्यावर चादर टाकलेली असते. अधिवेशन असलं की धम्मशीला मात्र अकराला चादर काढते. कोण हजर आहे, कोण पाण्याबद्दल बोलतं, ते वहीत लिहिते. यादी तिने दुसऱ्या मतदारसंघातल्या एका खासदारबाईंना पाठवली आहे. अजून उत्तर नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. पण उद्या तुम्ही मत द्याल, तुमच्या वतीने बोलायला कुणालातरी इतक्या लांब पाठवाल. त्याचं नाव पुकारलं जाईल त्या दिवशी पाहा. बाक रिकामा दिसला, तर टीव्ही बंद करून घरी जाऊ नका. त्याच्या दारात जा आणि विचारा.

जानरावांच्या वेळी तसं कुणी गेलं नाही. मला पाय नव्हते.