बोअरिंगला गेलेला माझा सिलिंडर

मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझी टाकी एकेकाळी गडद हिरवी होती, हे आता सांगावे लागते. माझे मालक गुरांचे डॉक्टर. कुणाची गाय अडली, की आम्ही दोघे आडवाटेने धूळ खात निघायचो. गोठ्यातली माणसे लांबूनच माझा आवाज ओळखायची. "आले डॉक्टर!" असे कुणी म्हटले, की मित्रांनो, मी उगाचच ऐटीत थांबायचे.

पण त्या धावपळीत माझे तेल बदलायला कुणाला सवड झाली नाही. आत धूळ शिरली, पिस्टन झिजला, सिलिंडरवर ओरखडे उठले. मी निळा धूर सोडू लागले आणि एका चढावर मान टाकली. पुढे डॉक्टर निवृत्त झाले, मी जिन्याखाली गेले. तिथल्या अंधाराने मला संशयी करून टाकले.

म्हणूनच डॉक्टरांच्या मुलाने मला गॅरेजमध्ये नेले, तेव्हा मी हरखले नाही. इतक्या वर्षांनी आताच का? मेस्त्रींनी इंजिन खोलले, पिस्टन बोटांत फिरवून चुकचुकले आणि माझा सिलिंडर फडक्यात गुंडाळून कुठेतरी पाठवून दिला. भंगारात? की दुसऱ्या गाडीत? ते फोनवर हळू बोलले, तरी मला वाटायचे, माझाच सौदा चाललाय.

सिलिंडर परत आला तो आतून गुळगुळीत. लेथवाल्याने बोअरिंग करून, म्हणजे ओरखडे जातील इतपत कातून दिला होता. त्यात बसेल असा थोडा मोठा पिस्टन आणि नव्या रिंगा आल्या. तरी मनात आलेच, हा आपलाच कशावरून?

एका दुपारी मुलगा आला. इकडेतिकडे बघत म्हणाला, "मेस्त्री, गाडी चकाचक करा, पण सुरू होता कामा नये. बाबांना मात्र काही कळू देऊ नका."

बघा! माझा संशय खोटा नव्हता.

"म्हणजे मी मुद्दाम बिघडवून देऊ?" मेस्त्रींनी पाना खाली ठेवला.

"त्यांना नीट दिसत नाही हो. परवा दारातल्या खांबावर आपटले. गाडी दुरुस्त कर म्हणून रोज माझ्या मागे लागलेत. सुरू झाली तर कुणाचं ऐकणार नाहीत."

"हे त्यांना सांगितलंत?"

मुलगा माझ्या हँडलशी चाळा करू लागला.

"मग आधी ते सांगा. गाडी मी चालूच करून देणार."

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांना घेऊन आला. मेस्त्रींनी किक मारली. मी खोकले, पुन्हा खोकले आणि धडधडू लागले. धुराचा मागमूस नव्हता. डॉक्टरांनी हँडल धरताच मुलाने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बाबा, तुम्ही चालवू नका. मला भीती वाटते."

डॉक्टरांचा चेहरा आवळला. मग हळूहळू सैल झाला.

"इतकंच होतं? तू टाळाटाळ करत होतास, तेव्हा मला वाटलं, तुला ही विकायची आहे!"

म्हणजे संशयाने पछाडलेली मी एकटीच नव्हते.

मित्रांनो, घरातल्या यंत्राचा आवाज बदलला, तर धूर निघेपर्यंत थांबू नका. आणि घरातले माणूस गप्प गप्प राहू लागले, तर त्याच्याविषयी मनात काहीबाही रचण्याआधी त्यालाच विचारा.

डॉक्टर मागच्या सीटवर सरकले. "बस पुढे. पिस्टन नवा आहे, पळवायची नाही."

आम्ही निघालो. गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत डॉक्टर चारदा ओरडले, "अरे, हळू!" आणि दर वेळी मुलगा हसत म्हणाला, "हो, बाबा."