शिव्यांचं पान

बाली बेटावरच्या बांगलीच्या बाजारात आर्दानीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि "क्रॅश झाला" एवढं कानावर पडलं की तिचं डोकं फिरायचं. अरे, क्रॅश म्हणजे काय? कुणाचा प्लगच निघालेला असायचा. कुणी कीबोर्डवर कॉफी सांडलेली असायची. एका बाईने तर उंदराने कुरतडलेली वायर पुढ्यात ठेवून क्रॅश झाला म्हणून सांगितलं होतं. चौदा वर्षांत आर्दानीला एवढं कळलं होतं, की लोक क्रॅश म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, मी काही केलेलं नाही.

सोमवारी सकाळी रेंतिन गुरुजी लुंगीसारख्या सारोंगमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन आले आणि म्हणाले, "क्रॅश झाला गं, लुह." गावातल्या पोरींना ते लुहच म्हणायचे. दुसरं कुणी असतं तर तिने चांगलं ऐकवलं असतं. पण गुरुजींनी तिला शाळेत शिकवलं होतं.

"म्हणजे नक्की काय झालं, पाक गुरु?"

"काही नाही. चालू होता, बंद पडला."

"आपोआप?"

"आपोआपच."

"पाणी-बिणी गेलं आत?"

गुरुजी समोरच्या संत्र्यांच्या ढिगाकडे बघत बसले. "क्रॅशच असणार. सगळ्यांचा होतो."

त्या लॅपटॉपमध्ये काय आहे हे तिला चांगलंच ठाऊक होतं. त्यांच्या डोंगरावरच्या गावची बोली खालच्या बाली लोकांना धड समजत नाही, आणि गावातली पोरंही आता ती बोलत नाहीत. गुरुजींनी अकरा वर्षं घरोघर फिरून म्हाताऱ्यांकडून एकेक शब्द गोळा केला होता. शेताचे शब्द वेगळे, स्वयंपाकाचे वेगळे, नात्यांचे वेगळे. ज्यांच्याकडून घेतले त्यातले निम्मे म्हातारे आता देवाघरी गेले होते. शुक्रवारी सगळं देनपासारच्या छापखान्यात द्यायचं होतं.

"दुसरी प्रत आहे ना?"

"पेनड्राइव्ह होता. हरवला."

"आणि वह्या?"

"वाळवीने खाल्ल्या." गुरुजींचा आवाज एकदम बारीक झाला. "लुह, ते गेलं तर मी पुन्हा कुणाकडे जाऊ? माणसंच उरली नाहीत."

आर्दानीचा राग जरा उतरला. तिने डिस्क काढून हातात धरली. "खरा क्रॅश सांगू का? ह्याच्या आत गोल तबकडी फिरते. तिच्यावर केसाएवढ्या अंतराने एक बारीक दांडी तरंगत असते. ती तबकडीला घासली म्हणजे क्रॅश. मग आतलं बहुतेक सगळं जातं. तसं झालं तर टकटक ऐकू येते." तिने डिस्क आपल्या मशीनला जोडली आणि कान लावला. गुरुजींनी श्वास रोखून धरला होता. टकटक नव्हती, नुसती घरघर येत होती.

"क्रॅश नाही," ती म्हणाली. "मग झालं काय?"

तिने कीबोर्ड उचकटला, आणि खाली तांदळाचे चार फुगलेले दाणे निघाले. शेजारी झेंडूची पाकळी, आणि सर्किटवर हिरवट डाग.

आता तिला विचारायची गरजच उरली नाही. शनिवारी तुंपेक लांदेप होता. घरातली सगळी हत्यारं, मोटारसायकली, यंत्रं पुजायचा दिवस. आणि गावात तीर्थ शिंपडतात ते पुजारी म्हणजे तिचेच वडील.

"झाकण मिटलं नव्हतं?" तिने विचारलं.

"मुद्दाम उघडं ठेवलं होतं. चालूही ठेवला होता." गुरुजी खाली बघत म्हणाले. "मला वाटलं, यंत्राला तीर्थ मिळतं तसं शब्दांनाही मिळू दे. शेवटचं पान उघडून ठेवलं. शिव्यांचं होतं. त्यालाच आशीर्वादाची जास्त गरज, असं वाटलं. जेरो मांगकूंचा, तुझ्या बापाचा, हात अलीकडे थरथरतो, तीर्थ थोडं जास्त पडलं. त्यांना कळलं तर ते पूजेची घंटा कायमची खाली ठेवतील, म्हणून बोललो नाही."

"आणि नंतर किती वेळा चालू करून बघितलात?"

"दहा-बारा वेळा."

"धन्य आहे तुमची," आर्दानी म्हणाली. अकरा वर्षांची कमाई पणाला लागली तरी हा माणूस तिच्या बापाला सांभाळत बसला होता.

दुपारपर्यंत एकेक पान उघडत गेलं. शेत, स्वयंपाक, नाती, आजार, सगळं जागच्या जागी होतं. उघडलं नाही ते फक्त शिव्यांचं पान. तिने तीन तऱ्हांनी प्रयत्न केला आणि हात टेकले. "तेवढं गेलं, पाक गुरु."

"शहाण्णव शब्द होते," गुरुजी म्हणाले. "ते सांगणारा म्हातारा गेल्या साली वारला."

तेवढ्यात दारात पांढरा फेटा दिसला. तिचे वडील संत्र्यांच्या ट्रकमधून उतरून थेट आले होते. "तुम्हाला गाठोडं घेऊन जाताना पाहिलं, तेव्हाच मी समजलो," ते म्हणाले. "माझ्या हाताने बुडवलं ना?"

"नाही नाही, क्रॅश झाला," गुरुजी घाईघाईने म्हणाले.

"बापा, तुमच्याच तीर्थाने झालं," आर्दानी म्हणाली. आता लपवाछपवी पुरे, असं तिला वाटलं. "सगळं वाचलं. शिव्या तेवढ्या गेल्या."

म्हातारा खुर्चीत बसला. खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "एवढंच ना? उघडा नवीन पान."

"तुम्हाला शिव्या कशा विचारायच्या?" गुरुजी चपापले. "तुम्ही देवाचे माणूस."

"देवाचा मी सत्तेचाळिसाव्या वर्षी झालो. त्याआधी कोंबडे झुंजवायचो आणि ताडी प्यायचो. अकरा वर्षं गावभर हिंडलात, माझ्या दारावरून तेवढे पुढे गेलात. घ्या लिहून."

पहिली शिवी ऐकून गुरुजींची बोटं हवेतच थांबली. दुसरी सांगण्याआधी म्हाताऱ्याने लेकीकडे पाहिलं. "तू जरा बाहेर जाऊन बस."

ती संत्रेवालीपाशी जाऊन बसली. आतून दोन म्हाताऱ्यांचं खिदळणं ऐकू येत होतं. मधेच गुरुजी अर्थ विचारत, आणि बापा म्हणत, "अहो, हळू, बाहेर पोरगी आहे." उन्हं उतरल्यावर गुरुजींनी तिला आत बोलावलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "एकशे बारा झाले, लुह. आणि ह्यांचे अजून संपलेले नाहीत."