कवळीकाकांच्या सात दुनळ्या

काकू गेल्या त्याला चाळीस दिवस झाले होते आणि कवळीकाकांच्या डोळ्यांतून अजून पाण्याचं टिपूस आलं नव्हतं. लोकांनी सुरुवातीला कौतुक केलं. धीराचा माणूस, म्हणाले. मग कुजबुज सुरू झाली. काकूंची धाकटी बहीण तर निघताना दारातच म्हणाली, "माणूस आहे का दगड?" काकांनी ते ऐकलं. प्रश्न बरोबर आहे असं त्यांना वाटलं. 

काकू दवाखान्यात होत्या तेव्हा नवव्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन काहीतरी सांगत होते, तेव्हा काका त्यांच्या दातांकडे बघत होते. वरचा डावीकडचा सुळा खोटा होता आणि त्याचा रंग अर्ध्या छटेने चुकला होता. शेजारी उभी असलेली लेक खाली बसली, तेव्हा काय सांगितलं गेलं ते त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून हे असंच चाललं होतं. चहा समोर ठेवला की पीत, नाही ठेवला तर मागत नसत. एकदा दोन पायांत दोन वेगळे बूट घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

काकांनी चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या. "निम्म्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे," असं ते पूर्वी सांगत. नाद मात्र भलताच, जुन्या दुनळी बंदुकांचा. बत्तीस वर्षांत सात जमवल्या होत्या. शंभर-सव्वाशे वर्षांच्या, बाहेर घोडे असलेल्या, नळ्यांवर पाण्याच्या वलयांसारखी नक्षी. जुने कारागीर लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींत पिळून नळी घडवत, त्याची ती नक्षी. काकांनी आयुष्यात एकदाही बार उडवला नव्हता. घरात काडतूस नव्हतं. खिडकीतला कावळासुद्धा त्यांना भीत नसे. त्यांना फक्त ती कारागिरी जपायची होती.

काकू त्यांना 'माझ्या सात सवती' म्हणत. "माझे पाय चेपायला सांगितले की यांचे हात दुखतात, आणि सवतींना मात्र तेल लावून मालिश!"

दर रविवारी सकाळी एक सवत कपाटातून बाहेर निघे. काका पुढचं लाकूड काढत, नळ्या उतरवत, गजाला कापडाचा तुकडा लावून आतून पुसत, मग तेलाचा पातळ हात. दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडावर, जवसाच्या तेलाचे चार थेंब, आणि लाकूड ऊन होईपर्यंत तळहाताने चोळायचं. लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, घामाने गंज धरतो. ठेवताना नळ्यांची तोंडं खाली, दस्ता वर, म्हणजे तेल ओघळून लाकडात मुरत नाही. काकू गेल्या त्या आठवड्याच्या रविवारीही हे झालं, पुढच्याही रविवारी झालं. हात करत होते. काका नुसते हातांच्या सोबत बसलेले असत.

चाळिसाव्या दिवशी मंगळवार होता. लेक वडिलांसाठी आपलं घर सोडून अजून इथेच राहिली होती. दुपारी ती बाजारात निघाली तेव्हा काका टेबलाशी बसले होते, मांडीवर एक दुनळी आडवी. ती तीन तासांनी परत आली तेव्हाही ते तसेच होते. हात दस्त्यावर, डोळे भिंतीवर. भिंतीवर काही नव्हतं.

"बाबा?"

"हं."

"काय करताय?"

"काही नाही."

ती पिशवी घेऊन आत गेली. पण तिच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास बंदूकमिस्त्री दारात हजर. काकांना पहिली दुनळी याच माणसाने मिळवून दिली होती. मिस्त्रींचे हात सोन्याचे, पण खोटं बोलायला गेले की कान लाल होत.

"कवळीवाले," ते बसायच्या आधीच म्हणाले, "हवा दमट आहे. लाकडांना बुरशी लागते. मी म्हटलं, सगळ्या महिनाभर माझ्याकडे ठेवू. कोरड्या खोलीत."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. लख्ख ऊन होतं आणि समोरच्या गच्चीवरचे कपडे वाळून कडक झाले होते. मग त्यांनी मिस्त्रींच्या कानांकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, जिथे लेक पाठमोरी उभी राहून एकच पातेलं केव्हापासून घासत होती.

"न्या," ते म्हणाले.

सातही दुनळ्या त्यांनी स्वतःच सुट्या केल्या आणि एकेक फडक्यात गुंडाळून दिली. "हिचा उजवा घोडा जड आहे, जोर करू नका. हिच्या दस्त्याला जुनी चीर आहे, बघत राहा." मुलगी सासरी पाठवताना बाप सांगतो तसं, पण आवाजात चढ नाही की उतार नाही. मिस्त्रींनाच कढ आवरेना. परवान्यांच्या कागदपत्रांची पिशवी काखोटीला मारून ते लगबगीने निघाले.

गाडी गेली. लेक बाहेर येऊन समोर बसली. हात अजून ओलेच.

"तुम्हाला कळलं ना, मीच बोलावलं ते?"

"त्यांचे कान बघितले मी."

ती हसायला गेली आणि रडू लागली. काका तिच्याकडे बघत राहिले. हिच्या डोक्यावरून हात फिरवायला हवा, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी उठून तो फिरवला.

"बाबा, सरळ विचारते. जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?"

 काकांना खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं काय ते शोधावं लागत होतं.

"नाही," ते अखेर म्हणाले. "तसं नाही वाटत. तसंच काय, काहीच वाटत नाही. भूल दिल्यावर गाल कसा होतो? आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तसं झालंय."

"मग काल तीन तास काय करत होतात?"

"डबा रिकामा होता."

"कसला डबा?"

काकांनी खणातून पत्र्याचा डबा काढला. नळ्या पुसायच्या चिंध्या त्यात असत, बोटभर लांबीचे चौकोन, एकसारखे कापलेले. "बत्तीस वर्षं मी हात घालायचो आणि तुकडा मिळायचा. काल रविवारच आहे असं वाटलं, हात घातला तर तळ लागला. हे तुकडे कुठून येतात तेच मला माहीत नव्हतं. तेव्हा कळलं, तुझी आई भरून ठेवायची. जुन्या उशांच्या अभ्र्यांचे होते. मला कधी बोलली नाही. सवती म्हणायची आणि..." त्यांनी डबा बंद केला. "पुढे काय करायचं ते मला सुचेना. म्हणून बसलो."

लेकीने ओले हात पुसले. मग म्हणाली, "दुनळ्या तरीही मिस्त्रीकाकांकडेच राहतील. आणि मी सांगेन त्या डॉक्टरांकडे तुम्ही यायचं."

"बरं," काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं, आणि रोज घराबाहेर पडून कुठेतरी जाऊन बसायची सक्ती केली. काकांना जायला एकच जागा ठाऊक होती. ते मिस्त्रींच्या दुकानात जाऊ लागले. सुरुवातीला कोपऱ्यातल्या स्टुलावर नुसते बसत. मिस्त्री एकटेच बडबडत. काकांना त्यातलं अर्धं ऐकू येई, अर्धं पोचत नसे. मग एक दिवस मिस्त्रींनी कानस मागितली ती त्यांनी दिली. मग एक दस्ता हातात आला. कवळीला खाचा पाडणारे हात दस्त्यावर पकडीसाठी कोरलेली, झिजलेली जाळी पुन्हा उकरायला बरे पडले. लेक आपल्या घरी परतली, रोज संध्याकाळी फोन करू लागली. काका तिला आज काय जेवलो ते सांगत. चव सांगता येत नसे.

पाचव्या महिन्यात एक बाई जुनी दुनळी घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांची होती, वर्षानुवर्षं ओल्या भिंतीला टेकून राहिलेली. मिस्त्रींनी नळ्या सुट्या करून बुडाशी असलेल्या आकड्याने बोटावर टांगल्या आणि टिचकी मारली. चांगली नळी घंटेसारखी घुमते. ही नुसतीच 'टक्' वाजली. दोन नळ्यांमधला सांधा सुटला होता.

"सांधा भरता येईल," मिस्त्री म्हणाले. "दस्ता मात्र घासून लख्ख करून देतो, ताई. नवा कोरा दिसेल."

"हात लावायचा नाही त्याला!"

दोघंही वळले. काका उभे होते.

"हे इथं बघा," त्यांनी दस्त्यावर बोट ठेवलं. "इथं गाल टेकून टेकून लाकूड काळं पडलंय. एका माणसाचा गाल आहे हा. तुम्ही घासायचा कागद मारून काढणार? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"अहो, गिऱ्हाइकाला चकचकीत लागतं..."

"गिऱ्हाइकाला विचारलंत?"

चांगली जुंपली. मिस्त्री म्हणाले, दुकान कुणाचं. काका म्हणाले, दुकान तुमचं, अक्कल कुणाची ते बघा. बाई पर्स छातीशी धरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "राहू द्या काळं. मामंजी डावरे होते. डाग डाव्या गालाचाच आहे."

बाई गेल्यावर मिस्त्री तासभर रुसून बसले. काकांना भूक लागली होती. त्यांनी जेवणाचा डबा उघडला, पोळी-भाजी खाल्ली. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. सकाळी त्यांनीच टाकलं होतं, बहुधा दोनदा.

"मिस्त्री," ते म्हणाले, "पाणी द्या. फार खारट झालंय."

मिस्त्रींनी तांब्या सरकवला. मग दोघांनी मिळून सांध्यातला जुना गंज खरवडायला घेतला.